दोरीवरचे जांभळे डाग

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "सिस्टर, नोकरीतले अनुभव लिहा. अगदी मोकळेपणानं लिहा." मी म्हटलं, "अहो, मी बायकांच्या दवाखान्यात होते. मोकळेपणानं लिहिलं तर तुमचा अंक फराळाच्या ताटाशेजारी कोणी ठेवणार नाही." ते जरा खाकरले आणि म्हणाले, "लिहा तर खरं, मग बघू." म्हणून लिहिते आहे. छापायचं की नाही, ते त्यांनी बघावं.

घाटकोपरला स्टेशनच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर आमच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना होता. बाहेर बाकं, मध्ये तपासणीची खोली आणि मागे औषधांची खोली. ती मागची खोली माझी. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी एकोणिसाव्या वर्षी विधवा झालेली, नर्सिंग शिकलेली, जिभेला जरा धार असलेली मुलगी होते. डॉक्टरबाई म्हणायच्या, "तुझी सुई दुखत नाही, बोलणं दुखतं." तेव्हा मला ती शाबासकी वाटायची.

दवाखान्यात येणाऱ्या दहा बायकांतल्या चार-पाच जणींचं दुखणं एकच असे, पण त्याचं नाव कोणी घेत नसे. "डोकं दुखतं" म्हणून यायच्या, "कंबर धरते" म्हणायच्या, पोराचा खोकला दाखवायच्या आणि उठता उठता दाराशी थांबायच्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं जाऊ लागलं की मी ओळखायची आणि पडदा ओढायची. मग आवाज खाली यायचा. "अंगावरून जातं हो, पांढरं." कुणी धुपणी म्हणायची. खाज, आग, वास, आणि त्याहून मोठी भीती. हाडं वितळून जातात अशी एक समजूत होती. बाईचं पाऊल वाकडं पडलं की हे होतं, अशी दुसरी. ही दुसरी समजूत बायकांना जास्त छळायची.

बाहेरच्यांसाठी सोपं करून सांगते. यात मुख्य प्रकार दोन. एक दह्याच्या कवड्यांसारखं, भयंकर खाजणारं. ती एक जातीची बुरशी, ओलसर जागी लोणच्यावर धरते तशी. त्यावर तेव्हा जांभळं औषध होतं. डॉक्टरबाई कापसाच्या बोळ्यानं ते आत लावायच्या, एक दिवसाआड, दोन आठवडे. औषध गुणकारी, पण ज्याला लागेल त्याला रंगवणार. माझी नखं दहा वर्षं जांभळी होती. दुसरा प्रकार पिवळसर, फेसाळ, वास येणारा. त्याचा जंतू जिवंत वळवळतो. त्यावर चपट्या गोळ्या असत. रोज झोपताना एक गोळी पाण्यात भिजवून आत सरकवून ठेवायची, चौदा दिवस, एकही दिवस न चुकवता. आणि तेवढे दिवस नवऱ्यापासून लांब राहायचं, कारण जंतू त्याच्याकडेही मुक्काम करतो आणि परत येतो. आता याहून कितीतरी सुटसुटीत औषधं आहेत, तेव्हा हे वाचून कुणी जुन्या बाटल्या शोधू नयेत. आपल्या डॉक्टरकडे जावं.

दहा बाय बाराच्या खोलीत सासू, दीर, नणंद यांच्यामध्ये राहणाऱ्या बाईनं नवऱ्याला "लांब राहा" कसं सांगायचं? यावर डॉक्टरबाईंनी तोडगा काढला होता. त्या गंभीर चेहऱ्यानं सांगायच्या, "घरी सांगायचं, मी नेम धरलाय. चौदा दिवसांचा, कडक." डॉक्टरचं सांगणं मोडायला घरचे मागेपुढे बघत नसत, पण नेम मोडायची कुणाची छाती नव्हती. पंधराव्या दिवशी उद्यापनाला दवाखान्यात यायचं. आम्ही हसायचो, पण शंभर हिशोबी सूचनांपेक्षा तो नेम बरा पाळला जायचा.

सुशीला आली ती आषाढात. तेवीस-चोवीस वर्षांची, अंगानं किरकोळ, परळला वाढलेली, चार इयत्ता शिकलेली. लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. नवरा माहुलला तेलाच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं तिथे कामाला जायचा. सासू मालवणकडची. सुशीलाला दवाखान्यात सासूनंच पाठवलं होतं, मूल होण्याचं औषध आणायला. आमच्याकडे येणाऱ्या बायकांत राजरोस येणारी ती एकटीच म्हणायची.

डॉक्टरबाईंनी तपासलं. आमच्याकडे एक पितळी सूक्ष्मदर्शक होता, सगळ्या बायका त्याला दुर्बीण म्हणायच्या. डॉक्टरबाईंनी काचेवर थेंब घेतला, बघितलं आणि सुशीलाला हाक मारली. "ये, इथे डोळा लाव."

ती वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"काय दिसतं?"

"काहीतरी पळतंय बाई. शेपूट आहे त्याला."

"हे तुझं दुखणं. जंतू आहे. तुझं पाप नाही की कुणाची नजर नाही. कळलं?"

ती सरळ झाली तेव्हा रडत होती आणि हसतही होती. "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असणार," म्हणाली. मग हळूच म्हणाली, "बाई, गणपतीच्या आत बरी करा हां. आमच्या सासूबाई म्हणतात, गणपतीला गावाला जायचं ते हिला तिथेच ठेवून यायचं. आजारी बाई मुंबईत काय कामाची? गावाला शेताचं तरी बघेल. ह्यांना दुसरी बघतील, मला माहीत आहे. आणि हे आईपुढे तोंड उघडत नाहीत."

गणपतीला दोन महिने होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मुलाचं मी वचन देत नाही. हे दुखणं मात्र जाईल." मी चौदा गोळ्या मोजून डबीत घातल्या, नेम समजावला. कपडे कोंदट सावलीत वाळवायचे नाहीत, उन्हात वाळवायचे, हेही सांगितलं. इथे ती पहिल्यांदा थबकली. त्या काळी महिन्याचे कपडे, आतले कपडे, कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून मोरीच्या कोपऱ्यात किंवा लुगड्याच्या घडीखाली वाळत घालायचे. वाळायचे कसले, आंबायचे. निम्मं दुखणं तिथूनच उलटायचं.

"गॅलरीत?" ती म्हणाली. "सगळी चाळ बघेल, शिष्टर."

"बघू दे," मी म्हटलं. मला सांगायला काय जात होतं?

आठ दिवसांनी ती परत आली आणि रिकामी डबी माझ्यापुढे ठेवली. "संपल्या. अजून द्या ना."

आठ दिवसांत चौदा गोळ्या! डॉक्टरबाईंनी पुन्हा काचेवर बघितलं. शेपूटवाले तसेच पळत होते. डॉक्टरबाई एका बाळंतपणाच्या घाईत होत्या, "नलू, तू बघ" म्हणून निघून गेल्या. आणि मी बघितलं. माझ्या पद्धतीनं.

"दोन-दोन एकदम घेतल्यास?"

ती डबीचं झाकण उघडमीट करत राहिली.

"की टाकून दिल्यास? अगं, गोळ्या म्हणजे काय चणे-फुटाणे वाटले तुला? सांगितलेलं कळत नसेल तर कशाला येता इथे? आता आधी महिनाभर थांब. मग बघू."

महिनाभर थांबायची काहीच गरज नव्हती. मी ते शिक्षा म्हणून सांगितलं. तिच्या कागदावर लिहिलंसुद्धा, 'सूचना पाळत नाही.' ती रिकामी डबी उचलून गेली. गणपतीची गोष्ट माझ्या लक्षात होती, तरी मी तसं केलं. एवढी वर्षं झाली, ते तीन शब्द माझ्या डोळ्यांपुढून गेले नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्याच चाळीतली एक नवी लग्न झालेली पोरगी आली, नाव शालू. पोराचा खोकला दाखवायला तिला पोर नव्हतं, म्हणून शेजारणीचं घेऊन आली होती. त्याला खोकलाही नव्हता. पडदा ओढल्यावर म्हणाली, "शिष्टर, सुशीलाताईनं दिलेल्या दोन गोळ्यांनी थोडं बरं वाटलं होतं, आता पुन्हा सुरू झालं. अजून दोन मिळतील का?"

मला आधी काही कळेना. मग हळूहळू कळलं. सुशीलानं दुर्बिणीतला जंतू बघितला, तशीच घरी गेली आणि नळावर पाणी भरताना शेजारणींना सांगितलं. तिच्यासारख्या सहा जणी निघाल्या. कुणाची सासू सोडत नव्हती, कुणाचा नवरा संशयी, कुणाला बाहेर पडायला निमित्त नव्हतं. विरजण मागायला आलेल्या शेजारणीला रिकाम्या वाटीनं परत पाठवायचं नाही, ही चाळीची रीत. सुशीलानं डबी उघडली आणि प्रत्येकीला दोन-दोन दिल्या.

"सहा जणींना दोन-दोन म्हणजे बारा," मी म्हटलं. "म्हणजे तिनं स्वतः दोनच घेतल्या?"

"असेल," शालू म्हणाली. "ती म्हणाली, मला काय, मी परत जाऊन आणेन. तुम्हाला कोण आणून देणार?"

मी औषधाच्या कपाटाकडे तोंड करून उभी राहिले. माझे डोळे भरून आले होते आणि ते त्या पोरीला दिसायला नको होते. डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, माझं बोलणंसुद्धा. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "अर्धवट औषधानं सातही जणी बऱ्या होणार नाहीत. आणि त्या इथे येऊ शकत नाहीत. मग कशाला येऊ शकतील, ते शोध."

श्रावण लागला होता. शुक्रवारी जिवतीची पूजा असते, सवाष्णींना हळदीकुंकू, दूध आणि फुटाणे देतात. आमंत्रण आलं तर कुठलीही सासू सुनेला नाही म्हणत नाही. म्हटलं, दवाखान्यातच हळदीकुंकू करू. डॉक्टरबाई पुष्कळ हसल्या. मग म्हणाल्या, "फुटाण्यांचं तू आधीच ठरवलं होतंस वाटतं."

आमंत्रण डॉक्टरबाईंच्या नावाचं, पण द्यायला मी स्वतः चाळीत गेले. सुशीला मोरीत धुणं धूत होती. मला बघून उठली, हात पदराला पुसले. मी तिथेच, त्या ओल्या मोरीच्या दारात, म्हटलं, "सुशीला, माझं चुकलं गं. मला माफ कर." ती एवढी गोंधळली की तिनं मला बसायला पाट दिला, तोही मोरीतच.

शुक्रवारी जरा उघडीप होती. सातही जणी आल्या, जरीची पातळं नेसून, केसांत फुलं माळून. बाहेरच्या खोलीत जिवतीचा कागद लावला होता, डॉक्टरबाईंची बहीण हळदीकुंकू लावत होती आणि एकेक जण "जरा आत जाऊन येते" म्हणत पडद्याआड जात होती. डॉक्टरबाई हातमोजे घालून आत तयारच होत्या.

मी मागच्या खोलीत होते. हळदीकुंकवाच्या दिवशी मी बाहेर जायची नाही. डॉक्टरबाईंनी खूपदा बोलावलं, पण सवाष्णींची मनं कशाला मोडा, असं मला वाटायचं. तेवढ्यात मागच्या दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. पांढरं कपाळ, विधवेचं तांबडं आलवण नाही पण फिकं लुगडं. सुशीलाची सासू, गंगाबाई. सून कसल्या हळदीकुंकवाला जाते ते बघायला मागोमाग आली होती, आणि समोरच्या दारातून यायचा तिला हक्क नव्हता, म्हणून मागून. मी स्टूल पुढे केलं.

"वायच पाणी दी गो," ती म्हणाली.

दिलं. गटागटा प्यायली. थोड्या वेळानं पुन्हा मागितलं. मग तिसऱ्यांदा. स्टुलावर तिला धड बसवत नव्हतं, सारखी चुळबुळ चालली होती. मी ओळखलं. दार लोटून घेतलं आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

"मावशी, खाज येते का हो खूप?"

तिचा चेहरा दगडासारखा झाला. "तुका कोणी सांगितल्यान? त्या सुशीलान?"

"नाही. तीन तांबे पाणी प्यायलात, त्यावरून कळलं. मोरीत मुंग्या येतात ना, तुम्ही जाऊन आल्यावर?"

मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पाच वर्सां झाली. घोव जावन धा वर्सां. माज्यासारख्या बायलेक ह्यां दुखणां आसा म्हणान सांगितलंय, तर लोक काय म्हणतले?"

मी तिचा हात धरला. मीही त्याच पांढऱ्या कपाळाची होते, मला ते लोक काय म्हणतात ते पाठ होतं. पाच वर्षं ही बाई स्वतःला शाप लागलाय असं समजत होती. सुनेलाही तेच दुखणं आहे कळल्यावर तिला वाटलं, आपलाच शाप घरभर पसरला, म्हणून मूल होत नाही. सुनेला लांब पाठवली की घर सुटेल, असा तिचा साधा हिशोब होता. हे सगळं तिनं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. आणि मग आठवल्यासारखं म्हणाली, "तेच्यात करणी पण झाली. माज्या उशाखाली दोन गोळये गावले, कागदात गुंडाळलेले. मी गटारात टाकलंय."

मी उठून कपाटातून एक डबी काढली आणि उघडून तिच्यापुढे धरली. "अशा होत्या?"

"हेच! तुज्याकडे खंयसून इले?"

सहा जणींना बारा. राहिलेल्या दोन सुशीलानं घेतल्याच नव्हत्या. घरातलं धुणं तीच धूत होती, सासूचं लुगडं तिच्या हातून जात होतं. तिला सगळं ठाऊक होतं. विचारायची सोय नव्हती, म्हणून तिनं आपल्या वाटणीच्या दोन गोळ्या सासूच्या उशाखाली ठेवल्या. जी तिला गावाला टाकून येणार होती, तिच्या.

हे मी गंगाबाईंना सांगितलं. त्या पदर तोंडात कोंबून नुसत्या हलत राहिल्या, आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. बाहेर बायकांचा हसण्याचा आवाज येत होता.

सगळ्या जणी झाल्यावर डॉक्टरबाईंनी गंगाबाईंना आत घेतलं. त्यांचं दुखणं वेगळंच होतं, ते दह्यासारखं. सुशीलाच्या गोळ्या त्यांना लागू पडल्याच नसत्या. मी त्यांची लघवी निळ्या औषधात घालून उकळली, आणि निळ्याचं विटेसारखं तांबडं झालं. साखर होती, भरपूर. बुरशीला त्या साखरेचंच खतपाणी मिळत होतं. जांभळं औषध लावलं, गूळ-साखर बंद केली, भात चवीपुरता ठेवला. साखर उतरेपर्यंत आठवड्यातून दोनदा यायला सांगितलं. सुशीला दाराशी उभी राहून ऐकत होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. जाताना डॉक्टरबाईंनी स्वतः गंगाबाईंच्या हातात दुधाचा पेला आणि फुटाणे ठेवले. म्हातारीनं ते फुटाणे पदराला बांधून घेतले.

सातही जणींना पुऱ्या चौदा-चौदा गोळ्यांच्या डब्या मिळाल्या, आणि मी प्रत्येकीला हात जोडून सांगितलं की बाई, या वाटायच्या नाहीत. सुशीलाचा नेम गंगाबाईंनी असा काही मनावर घेतला की स्वतः मुलाची वळकटी उचलून गॅलरीत टाकली. तो बिचारा चौदा दिवस तिथेच झोपला आणि कारण त्याला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. पंधराव्या दिवशी उद्यापनाला सुशीलानं दुर्बिणीला डोळा लावला आणि म्हणाली, "कुणीच पळत नाही, शिष्टर." मी तिच्या कागदावरचे ते तीन शब्द खोडून टाकले.

गणपती जवळ आले. गंगाबाई औषध लावून घ्यायला आल्या होत्या, नेहमीसारखी सुशीला त्यांना हाताला धरून रेल्वेचं फाटक ओलांडून सोडून गेली होती. मी भीत भीत विचारलं, "मावशी, गावाला जाणार ना? सुशीलाला..."

"जातलंव. पाच दिवसांनी परत येतलंव."

"दोघी?"

"मग? तिका थंय ठेवलंय तर माका फाटकाच्या ह्या बाजूक कोण घेवन येतलां?" आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू गावाला ठेवायची कल्पना माझीच होती.

वाचणाऱ्यांना मुलाचं कळायला हवं असेल. सुशीलाला मूल झालं नाही. पुढे कितीतरी वर्षं ती यायची, कधी शेजारणीला घेऊन, कधी नुसतीच. पण गावाला ती राहिली ती फक्त गणपतीचे पाच दिवस, दर वर्षी, सासूबरोबर.

नवरात्राच्या थोडं आधी मी एका बाळंतिणीला सुई द्यायला त्यांच्या चाळीत गेले होते. लख्ख ऊन पडलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, सगळ्या चाळीला दिसेल अशी एक दोरी बांधली होती आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते कपडे. शालूचे, बाकीच्या जणींचे, सुशीलाचे. आणि सगळ्यांत पुढे गंगाबाईंचं फिकं लुगडं, त्यावर हे मोठे जांभळे डाग, धुऊन धुऊन न गेलेले. गंगाबाई दोरीखाली पाट टाकून बसल्या होत्या.

जिन्यावरून वर येणारी एक बाई थांबली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "अगो बाई, उघड्यावर काय हे? ते डाग कसले?"

गंगाबाईंनी मान वर केली. "औषधाचो डाग आसा तो," त्या म्हणाल्या. "दवाखान्याचो पत्तो व्हयो काय तुका?"